दिंड की दंड

दिवाळीला मोहोळला गेलो की आण्णांनी माझ्यासाठी एक काम राखून ठेवलेलं असतं. मागच्या वर्षी गिझर होता. या वर्षी दुकानात गुरुजींची मुलगी बसली होती.

आमचं दुकान डीटीपीचं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वडवळच्या यात्रेची पत्रकं. त्यात पुस्तक घेऊन आलेला माणूस एकच, गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावोगाव फिरून शेतीच्या अवजारांचे शब्द गोळा केले होते. मोटेचा नाडा, सोंदूर, थारोळं. कुळवाचं दिंड, जानवळं, फास, रुमणं. प्रत्येकाचा अर्थ, आणि शब्द कुठं कुणाकडून ऐकला ते. 1998 साली आण्णांनी दुकानातल्या 486 वर, पेजमेकरमध्ये, त्याची पानं लावली. प्रुफं तपासून झाली. कागदाचे पैसे काही जमले नाहीत, आणि पुढं गुरुजीच गेले. वही पाहुण्यांत कुणीतरी नेली ती परत आली नाही. उरल्या तीन फ्लॉप्या.

त्या उरल्या होत्या असं म्हणायला हवं. 2017 मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि सगळं जग डिजिटल करायच्या मूडमध्ये होतो. दुकानातल्या सगळ्या फ्लॉप्यांच्या मी इमेज काढल्या. इमेज म्हणजे फ्लॉपीवरच्या फाइली नव्हेत, अख्खी फ्लॉपीच: 80 ट्रॅक, 2 बाजू, प्रत्येक ट्रॅकवर 18 सेक्टर, सेक्टरमध्ये 512 बाइट, एकूण 14,74,560. आण्णांना म्हणालो, हे आणि ते एकच आहे, आता टाकून द्या. आण्णांनी दोन पिशव्या भरून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. त्यांनी माझं एवढं निमूटपणे ऐकल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

"मग आता काढ की," आण्णा म्हणाले. "हाय नव्हं तुझ्याकडं सगळं?"

होतं. पहिल्या इमेजमध्ये कुळवाच्या प्रकरणाची एक साधी मजकूर-फाइल सुटी सापडली. उघडली तर रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, कंस. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टचं असंच होतं. फाइलीत 'क' नसतोच, एक आकडा असतो आणि त्या जागी 'क'चं चित्र काढायचं काम फॉन्टचं. म्हणून कन्व्हर्टर लावला. वाचता येण्यासारखं मराठी आलं आणि मी खूश झालो.

गुरुजींची मुलगी स्क्रीनकडं बघत म्हणाली, "कुळवाला दंड कुठला?"

जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. कन्व्हर्टरनं ती काही ठिकाणी हलवली होती, काही ठिकाणी गाळली होती. 'दिंड'चा 'दंड' झाला. आता दंड हाही शेतातलाच शब्द, पाण्याचा पाट. प्रुफं तपासणाऱ्याला संशयसुद्धा येणार नाही. लग्नपत्रिकेत 'चिरंजीव'चा 'चरंजीव' झाला तर कुणीही दुरुस्त करील. इथं ज्या शब्दांचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही त्यांचीच यादी होती.

म्हणजे पानं जिथं लागली होती तिथंच उघडायला हवीत. 486 माळ्यावर होता. त्याच्या प्रिंटर पोर्टला फॉन्टच्या पॅकेजचं लॉक अजून लावलेलं. ते नसेल तर पॅकेज फॉन्ट चढवत नाही, त्यामुळं लॅपटॉपवर जुन्या विंडोजचं सोंग आणून भागणार नव्हतं. त्या मशीनला सीडी नाही, यूएसबी नाही, नेटवर्क नाही. आत जायला फ्लॉपीचंच दार.

इमेज ही फाइल आहे म्हणून ती फ्लॉपीवर कॉपी करता येत नाही. मावतच नाही. फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीवर 14,57,664 बाइटच मोकळे असतात, बाकी 33 सेक्टर तिच्या स्वतःच्या हिशेबात जातात. सेक्टरला सेक्टर असं थेट लिहावं लागतं. शिवाय गुरुजींचं पुस्तक पीकेझिपनं तीन फ्लॉप्यांत तोडून भरलेलं. तिन्हींवर फाइलीचं नाव एकच, ओळख फक्त फ्लॉपीच्या लेबलवरून. ते लेबलही इमेजमधूनच परत येतं.

सोनीनं फ्लॉप्या विकणं 2011 मध्ये थांबवलं. पुण्यातल्या एका जुन्या मालवाल्याकडून दहा कोऱ्या मागवल्या. त्यातल्या चार मेलेल्या निघाल्या. यूएसबी ड्राइव्हवर तीन लिहिल्या, प्रत्येक परत वाचून इमेजशी ताडून पाहिली. तंतोतंत. 486 नं मात्र एकही वाचली नाही. आण्णांनी समोरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयपीए आणलं, कापसाच्या काडीनं ड्राइव्हचं हेड पुसलं. काडी काळीकुट्ट. मग तो ओळखीचा करकर आवाज आला आणि आण्णा हसले.

अशी झिप आधी शेवटची फ्लॉपी मागते, कारण फाइलींची यादी शेवटी लिहिलेली असते. मग एक, दोन, पुन्हा तीन. बारापैकी अकरा प्रकरणं सुटली. बारावं, 'पाभर', चेकसम चुकला म्हणून अडलं.

लिहिण्यात चूक नव्हती. 2017 चा फोल्डर उघडला. त्यात लॉग फाइल होती. मीच सेव्ह केलेली, कधीच न वाचलेली. तिसऱ्या फ्लॉपीवर एक सेक्टर वाचता आला नाही, त्या जागी प्रोग्रामनं 512 शून्यं भरली आणि पुढं गेला. झिपमध्ये मधले 512 बाइट गेले की त्या फाइलीचं पुढचं सगळं जातं. हेड पुसून, दुसऱ्या ड्राइव्हवर, दहा वेळा प्रयत्न करून तो सेक्टर कदाचित वाचता आला असता. फ्लॉपी असती तर. तंतोतंत ताडून पाहिलेल्या माझ्या प्रतीत ती शून्यंही तंतोतंत होती.

हे मी दोघांना सांगितलं. गुरुजींची मुलगी काही बोलली नाही. आण्णांनी विचारलं, "म्हंजे टाकली नसती तर निघालं असतं?"

"निघालं असतं, कदाचित."

"हं."

त्यांनी खुर्ची ओढली, पेजमेकरमध्ये नवीन पान घेतलं. हे प्रकरण त्यांनीच टाईप केलं होतं, दोनदा प्रुफं लावली होती. सत्तावीस वर्षांनंतर बोटं आधी चाचपडली, मग चालू लागली. चाडं. फण. नळ्या.

"नळे," गुरुजींची मुलगी म्हणाली. "आमचे दादा नळेच म्हणायचे."

"म्हणायचे नळे, पण लिवलं होतं नळ्या. मला आठवतंय."

"तुम्ही चुकीचं टाईप केलं आसंल."

संध्याकाळी मी स्टेशनवर निघालो तेव्हा त्यांचे चौदा शब्द झाले होते आणि नळ्यांपुढं आण्णांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं.