ठणका दाढेचा, धास्ती रूट कॅनॉलची

रूट कॅनॉलच्या नावाने मला ज्यांनी घाबरवलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते करून घेतलेलंच नव्हतं. ज्यांनी करून घेतलं होतं ते म्हणायचे, "काही नाही हो, नुसतं आ करून बसायचं." खालची डावी दाढ वाचवून घेतल्यावर आता सांगते, दोघांचंही अर्धंच खरं आहे.

खरं दुखणं खुर्चीत बसण्याआधीचं. सुरुवातीला गोड खाल्लं की नुसती सणक यायची. मग रात्रीचा ठणका सुरू झाला. आडवं पडलं की तो हमखास वाढायचा. दाताच्या आतल्या मज्जेला सूज आली, तरी फुगायला जागा नसते, चारी बाजूंनी कठीण भिंती; त्यात आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो. चहाचा घोट घेतला की कळ थेट कानात. गार पाणी तोंडात धरलं की थांबायची आणि पाणी कोमट झालं की पुन्हा चालू. तांब्या उशाशी घेऊन बसून राहायचं, दुसरं काय! लवंग धरून पाहिली. तिच्यातल्या युजेनॉलने हिरडी बधिर झाली, आतल्या नसेला मात्र काही फरक पडला नाही. कळ सगळ्या जबड्यात पसरलेली, त्यामुळे नेमकी वरची दाढ दुखते की खालची, हेही सांगता येईना.

साताऱ्यातल्या आमच्या डेंटिस्ट मॅडमनी ते आरशाच्या दांड्याने ठरवलं. एकेका दाढेवर हलकेच टकटक करत गेल्या आणि दुखऱ्या दाढेवर आल्या तशी मी जवळजवळ उठून बसले. एक्स-रेमध्ये कीड मज्जेपर्यंत गेलेली दिसली. "अँटिबायोटिक देऊन बघू या का?" असं मी विचारलं, कारण आमच्याकडे सगळ्यांना तीच सवय. त्या म्हणाल्या, "काकू, गालाला सूज नाही, ताप नाही. नस सुजलीय, ती अँटिबायोटिकने बरी होत नाही. दाढ काढायची, नाहीतर रूट कॅनॉल." काढणं स्वस्त पडतं, पण चावायची दाढ गेली की तिथे पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट करायचा खर्च येतोच. बीपी, ॲसिडिटी, ॲलर्जी अशी सगळी चौकशी करून त्यांनी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. रूट कॅनॉलसाठी पुण्याहून एक स्पेशालिस्ट सर ठरलेल्या वारी येतात, त्यांची वेळ मिळाली. जिल्ह्याच्या गावांत बऱ्याच दवाखान्यांतून हीच पद्धत असते.

इंजेक्शन दाढेजवळ देत नाहीत, जबड्याच्या पार मागे देतात. टोचतं, पण सोसवतं. त्यानंतर मिनिटभर छाती धडधडली तेव्हा मात्र मी घाबरले. सर म्हणाले, "औषधात थोडं ॲड्रेनॅलिन असतं, त्याने होतं. जाईल." गेलंही. हळूहळू अर्धा ओठ आणि अर्धी जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटू लागली.

आता ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते. ड्रिल वरच्या भागात चालत होतं तोवर नुसती थरथर आणि आवाज. पण ते मज्जेपाशी पोचलं आणि एक कळ अशी आली की डोळ्यांत पाणी आलं. डावा हात वर करायचा हे आधीच ठरलेलं होतं. हात वर केला, काम थांबलं. नस फार सुजलेली असली की ओठ बधिर होऊनही दाढ पूर्ण बधिर होत नाही, विशेषतः खालची, असं सरांनी सांगितलं. मग त्यांनी दाढेच्या कडेला आणि आतही थोडं औषध सोडलं. तो क्षण वाईट होता, तो मी लपवणार नाही. पण तो क्षणच होता. त्यानंतर काहीही दुखलं नाही. दुखेल तेव्हा हात वर करा, शूरपणा दाखवून तिथे काही मिळत नाही.

पुढचं काम चिवट. दाढेवर रबराचा पातळ पडदा ताणून बसवला होता, फक्त तेवढी दाढ बाहेर. लाळ आत जात नाही आणि एखादं बारीक हत्यार निसटलंच तर घशात उतरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हा पडदा लावला नाही तर जरूर विचारा. खालच्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात. कधी चौथीही निघते. त्या नळ्यांत केसाएवढ्या बारीक सुया, म्हणजे फाइली, घालून आतून घासायचं. फाइलींना रंगांचे दांडे असतात. वीस नंबर पिवळा, पंचवीस लाल, तीस निळा. ओठाला अडकवलेल्या क्लिपच्या यंत्रावरून मुळाचं टोक किती लांब आहे ते कळतं. यंत्राचं टीं-टीं सुरू झालं की सर आकडा सांगायचे आणि सहायक मुलगी लिहून घ्यायची. मध्येच ब्लीचिंगचा वास येतो, कारण नळ्या ज्याने धुतात ते सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे तेच. मला खरा त्रास झाला तो जबड्याचा. इतका वेळ तोंड उघडं ठेवून कानाजवळचा सांधा भरून आला होता. शेवटी आत औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट. ओठाची बधिरता उतरेपर्यंत काही खायचं नाही; ओठ चावला जातो आणि कळतही नाही.

त्या रात्री मी झोपले. नेमका इथेच घोटाळा होतो. आमच्या मामांचं दुखणं पहिल्याच सिटिंगला थांबलं, म्हणून ते परत गेलेच नाहीत. तात्पुरतं सिमेंट निघालं, आत जंतू गेले आणि शेवटी दाढ काढावी लागली.

पुढच्या सिटिंगला नळ्या भरल्या, गटापर्चाने. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. 1870 मध्ये मुंबई एडन-सुएझ मार्गाने विलायतेला तारेने जोडली गेली, तेव्हा समुद्राखालच्या त्या तारेवर याच गटापर्चाचं वेष्टन होतं. ते आता माझ्या दाढेत आहे, याची मला उगीचच मौज वाटते.

त्यानंतर थोडे दिवस चावताना दाढ हुळहुळत होती. ते चालतं. पण सूज आली, ताप आला किंवा ठणका वाढत गेला तर वाट बघत बसू नये.

राहिली कॅप. तिचा खर्च रूट कॅनॉलच्या बरोबरीने, कधी त्याहून जास्त असतो. "आता दुखत नाही, मग कॅप कशाला?" हा प्रश्न घरात निघतोच. दाढ आतून पोखरलेली, वरच्या भिंती पातळ; सुपारीच्या एका खांडाने ती उभी चिरू शकते, आणि मुळापर्यंत चिरली तर काढण्यावाचून उपाय नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कॅपसकट पूर्ण खर्च विचारून घ्या, आणि तो परवडत नसेल तर डॉक्टरांना तेव्हाच सांगा. धातूची कॅप दिसायला बरी नसते, पण मागच्या दाढेला ती चालते आणि झिर्कोनियाच्या मानाने स्वस्तही पडते. अशा दाढेला पुन्हा कीड लागू शकते आणि आत नस नसल्यामुळे ती दुखून सांगणार नाही, तेव्हा अधूनमधून एक्स-रे काढून घ्या.