बाबांचा जुना संगणक

जुन्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर कधीकधी पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक निरोप येतो. त्याचा अर्थ असा, की पुढील फाइल हरवली आहे किंवा खराब झाली आहे, म्हणून विंडोज सुरू होऊ शकत नाही. त्याखाली त्या फाइलचा पत्ता दिलेला असतो : विंडोज, सिस्टीम थर्टी-टू, कॉन्फिग, सिस्टीम. हा पत्ता वाचून सर्वसामान्य माणसाला काहीच बोध होत नाही. घरातील वृद्धाला तर एवढेच कळते, की काल चालणारी वस्तू आज चालत नाही आणि तिच्या पोटात आपण जे काही साठवले होते ते तिच्याबरोबर गेले.

आमच्या वसईच्या घरी एका पावसाळ्यात नेमके हेच घडले. बाबांचा संगणक २००४ साली गावातील दुकानात सुटे भाग जोडून तयार करून घेतलेला होता. त्यावर विंडोज एक्सपी ही प्रणाली होती. ही प्रणाली २००१ साली बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी निर्मात्यांनी तिची देखभाल थांबवली. म्हणूनच आम्ही त्या संगणकाला इंटरनेटची तार पुन्हा कधी लावली नाही. बाबांना तिची गरजही नव्हती. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच छंद घेतला होता, आमच्या सामवेदी बोलीतील, म्हणजे कादोडीतील शब्द गोळा करण्याचा. रहाटाच्या एकेका भागाचे नाव, बावखलांची नावे, पानवेलीच्या मशागतीतील क्रियापदे, राजेळी केळी सुकवून सुकेळी करण्याची रीत, लग्नघरातील वृद्धा गात त्या गाण्यांच्या ओळी, असे सारे ते वहीत उतरवीत आणि रात्री एका बोटाने टंकलिखित करीत. ज्यांनी त्यांना हे सांगितले त्यांपैकी बहुतेक जणी आज हयात नाहीत. वह्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्ल्या. उरले ते त्या पेटीत होते.

त्या सायंकाळी दोन वेळा वीज गेली आणि आली. दुसऱ्या वेळेनंतर पडद्यावर तो निरोप उभा राहिला.

दुकानात चौकशी केली तेव्हा अपेक्षित उत्तर मिळाले : ‘फॉरमॅट मारू. माय डॉक्युमेंट्स काढून देतो, बाकी काही ठेवण्यासारखे नसते.’ आपल्याकडे फॉरमॅट करीत नाहीत, ‘मारतात’. मराठी माणसाने हे क्रियापद अगदी अचूक शोधून काढले आहे.

वास्तविक ती खराब झालेली फाइल म्हणजे आपला मजकूर नव्हे. विंडोजची एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. एक्सपीमध्ये तिचे मुख्य भाग त्या कॉन्फिग नावाच्या कप्प्यात पाच फाइलींत ठेवलेले असतात : सिस्टीम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट. यांपैकी ‘सिस्टीम’मध्ये यंत्राला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, कोणी आधी जागे व्हायचे, कोणी नंतर, याची नोंद असते. त्या वहीत काही लिहिले जात असतानाच वीज गेली, तर पान अर्धवट राहते. डिस्कचा तेवढा भाग झिजला असेल किंवा रॅम सदोष असेल, तरीही तेच होते. कार्यालयातील हजेरीपट आणि किल्ल्यांचा जुडगा हरवावा, पण तिजोरीतील दागिने जागच्या जागी असावेत, तशी ही अवस्था असते. दार उघडत नाही म्हणून घर पाडायचे नसते, हे दुकानदाराला कोण सांगणार?

पुण्याला असणाऱ्या माझ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मामा, आधी दुरुस्ती नको. आधी सगळे बाहेर काढू. आणि तोवर तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.’’ हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. डिस्क झिजली असेल, तर दुरुस्तीच्या प्रत्येक प्रयत्नात ती आणखी झिजते. आणि दुरुस्त करणारी आज्ञा डिस्कवर लिहितेही.

शनिवारी तो आला. त्याने पेटी उघडून डिस्क काढली, रुंद पट्टीसारख्या जुन्या तारेपासून ती सोडवली आणि एका अडॅप्टरने आपल्या लॅपटॉपला जोडली. चाळीस जीबीची ती डिस्क त्याने संपूर्ण उतरवून घेतली. बाबांच्या नावाचा कप्पा दिसला. बाबा मागे खुर्चीत बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘मजकूर आहे ना रे?’’

मजकूर होता, पण फाइल उघडताच इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा समोर आला. मला धस्स झाले. भाचा मात्र शांत होता. त्या काळातील मराठी टंकलेखनात फाइलमध्ये देवनागरी अक्षर नसेच. असे ते रोमन अक्षराचा सांकेतिक क्रमांक, आणि त्यावर फाँट देवनागरीचा अंगरखा चढवी. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. परंतु आपल्याकडील छपाईचे व्यवहार पुढे कितीतरी वर्षे जुन्या फाँटवरच चालले. बाबांचा फाँट होता विंडोजच्या कप्प्यात, फाँट्स या पोटकप्प्यात. केवळ ‘माय डॉक्युमेंट्स’ काढून बाकीचे पुसले असते, तर तोही गेला असता आणि हाती उरला असता तो हा कचरा. त्याने तो फाँट आपल्या लॅपटॉपवर बसवला आणि बाबांची अक्षरे पडद्यावर उभी राहिली.

येथे थांबता आले असते. परंतु बाबांची टंकलेखन प्रणाली चालते ती प्रिंटरच्या जागी मागे लावायच्या एका कुलपावर, आणि नव्या संगणकांना ती जागाच नसते. बाबांच्या बोटांना सवय त्याच कळफलकाची. तेव्हा यंत्र जगवणे भाग होते.

प्रथम रॅमच्या पट्टीचे पितळी दात शाळेतल्या खोडरबराने पुसले. खाऱ्या हवेच्या गावात हा उपाय हसण्यावारी नेऊ नये. घड्याळ मागे पडत होते म्हणून आतील नाण्याएवढी बॅटरी बदलली. मग एक्सपीची मूळ सीडी घालून संगणक सुरू केला आणि स्वागताच्या पडद्यावर ‘आर’ ही कळ दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये प्रवेश केला. कुठल्या विंडोजमध्ये जायचे असे विचारल्यावर १ दाबला. पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता, म्हणून नुसते एंटर. चेकडिस्कने डिस्कचा कानाकोपरा तपासला. त्यात रात्र गेली. सकाळी त्या खराब फाइलची आधी वेगळ्या नावाने प्रत ठेवली, आणि मग विंडोजच्याच ‘रिपेअर’ या कप्प्यातील सिस्टीम फाइल तिच्या जागी आणली. (विंडोज कारखान्यातूनच घातलेली आली असेल, तर हा उपाय करू नये, असा इशारा भाच्याने दिला. आमची पेटी गावातली, म्हणून निभावले.)

संगणक सुरू झाला. पण ती प्रत होती विंडोज बसवल्या दिवसाची, २००४ सालची. त्याला ना प्रिंटर ठाऊक, ना ध्वनी, ना ते कुलूप. पडद्यावरील चित्रे ओबडधोबड मोठी झालेली. सुदैवाने एक्सपी एरवी दिवसाकाठी आपल्या नोंदवहीची प्रत ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ या लपलेल्या कप्प्यात ठेवीत असते. वीज गेली त्याच्या दोन दिवस आधीची प्रत तेथे सापडली. ती बाहेर आणून पुन्हा सीडीवरून कन्सोलमध्ये जाऊन मूळ जागी ठेवली. या खेपेस पडदा उजळला तो ओळखीचा. बाबांनी कळफलकावर हात ठेवला आणि आपले नाव टंकलिखित करून पाहिले.

आता संपूर्ण संग्रहाच्या दोन प्रती आहेत, एक आमच्याकडे, एक पुण्याला. तो युनिकोडमध्ये नेण्याचे काम चालू आहे. बदल करणारी प्रणाली रफार भलत्या अक्षरावर टाकते, काही जोडाक्षरे गिळते. आणि बोलीतील शब्द कुठल्याच कोशात नसल्याने चूक कोणती आणि बरोबर काय हे सांगू शकणारे घरात एकटे बाबाच आहेत. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून रविवारी दुपारी माझी पत्नी मोठ्याने वाचते, बाबा डोळे मिटून ऐकतात आणि बोट वर करून थांबवतात. मागच्या रविवारी आम्ही ‘ब’पर्यंत आलो. बावखलांच्या यादीत बाबांनी दोन नावे नव्याने घालायला लावली. ती यादी ऐकता ऐकता त्यांना आठवली.