शाळा सोडल्याचे कारण

आमच्या दहावीचे निम्मे गुण आम्ही नववीतच मिळवून बसलो होतो आणि आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. २०२१च्या एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि पुढे निकालाचं सूत्र आलं. प्रत्येक विषयाच्या शंभरांपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावर, तीस दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनावर, वीस गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकांवर. पण नववीची तरी वार्षिक परीक्षा कुठे झाली होती? मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि नववीचं दुसरं सत्र परीक्षेविनाच संपलं. आमच्या दहावीचा माग काढत मागे गेलं की पाय थांबतात ते २०१९च्या दिवाळीआधीच्या सहामाहीपाशी.

त्या सहामाहीची मला फार आठवण येते. नाशिक जिल्ह्यातला आमचा नांदगाव तालुका एरवी ढगांकडे डोळे लावून बसणारा. टँकर आमच्या ओळखीचा, पूर नाही. पण त्या वर्षी परतीच्या पावसाने उसंत दिली नाही. कापून ठेवलेला मका शेतात भिजत होता, कांद्याची रोपं वाफ्यात सडत होती आणि मुलं चिखलाने भरलेल्या चपला वर्गाबाहेर काढून पेपरला बसत होती. साकोऱ्याकडचा एक मुलगा गणिताचा शेवटचा प्रश्न सोडून उठला. येत नव्हता म्हणून नव्हे. एसटी चुकली असती तर घरी मका झाकायला एक माणूस कमी पडला असता. पेपर हातात घेताना बाई म्हणाल्या, "अरे, चार मार्क सोडतोस?" तो म्हणाला, "वार्षिकला काढतो, बाई." वार्षिक आलीच नाही. त्या चार गुणांचा फटका त्याच्या दहावीला बसला, आणि पावसात ताडपत्रीचं टोक धरून उभ्या राहिलेल्या पोराची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही.

नांदगावला माणसांना वाटेला लावायची सवय जुनी आहे. मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे निघाली नव्हती, तेव्हा वेरूळची लेणी बघायला आलेले प्रवासी इथे उतरत आणि पुढचा लांबचा रस्ता टांग्याने काटत. आता स्टेशनवर गाड्या भुसावळकडे जातात, मुंबईकडे जातात, आणि प्लॅटफॉर्मवर कुणी ना कुणी कुणाला तरी सोडायला आलेलं असतं. दिवाळी उरकली की तालुक्यातल्या वाड्यातांड्यांवरून माणसं ऊसतोडीला निघतात. निघताना म्हाताऱ्यांच्या पाया पडणं असतं, शेजारणीला किल्ली देणं असतं, शाळेत जाणारं पोर आजीच्या हवाली करणं असतं. जाणाऱ्याला नीट निरोप दिला तर तो नीट परत येतो, असं इथली माणसं मानतात. मीही मानते.

शाळेतही असा निरोप होताच. दहावीला सेंडऑफ द्यायचा तो नववीने, असा रिवाज. २०२०च्या फेब्रुवारीत तो मान आमचा होता. वर्गणी काढली, वेफर्स आणि पेढे आणले, फळ्यावर रंगीत खडूंनी वेलबुट्टी काढली. मोठी मुलं त्या दिवशी एकदम लहान दिसायला लागली. वर्षभर मैदानावरून आम्हाला पिटाळणारे ते दादा भाषणाला उभे राहिले आणि तिसऱ्या वाक्याला गळा दाटून खाली बसले. ताया एकमेकींच्या स्लॅमबुकात लिहीत होत्या. त्या सगळ्यांनी मिळून शाळेला भिंतीवरचं घड्याळ दिलं. खुर्च्या आवरताना आम्ही बोललो होतो, पुढच्या वर्षी आपण घड्याळ नाही द्यायचं, पाण्याच्या टाकीला नवे नळ बसवून द्यायचे. कोण बोलणार, कोण रडणार, कोण रडणार नाही असं म्हणून सगळ्यांत आधी रडणार, हेसुद्धा ठरलं होतं.

त्या बॅचचा भूगोलाचा पेपर राहून गेला. २३ मार्चला होता, आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला, आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. पण त्यांना सेंडऑफ मिळाला होता, आणि तो आम्ही दिला होता. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

आमच्या दहावीचं वर्ष उगवलं ते मोबाईलच्या पडद्यावर. घरात एक फोन. तो वडिलांबरोबर मार्केटला गेला की वर्ग बुडाला. रेंज यावी म्हणून कुणी गच्चीवर, कुणी माळावरच्या टेकाडावर. ज्यांचे आईबाप उसाच्या फडावर होते, त्यांचा फोन फडावर. अशी मुलं आमच्या ऑनलाइन वर्गात दिसेनाशी झाली, आणि पडद्यावर रिकामा बाक दिसत नाही. वर्गात एखादा चार दिवस आला नाही तर सर विचारत, "काय रे, हा कुठे आहे?" आणि गावातला कुणीतरी सांगे. पडद्यावर हे विचारणं बंद झालं. माणूस गळाला तरी जागा मोकळी राहत नव्हती. आमची शाळा तिथेच सुटायला लागली होती, असं मला वाटतं.

२०२१ उजाडलं तेव्हा थोडे आठवडे शाळा भरली. एका बाकावर एकच जण, तोंडाला मास्क, डबा वाटून खायचा नाही. तरी आम्ही हरखलो होतो. वर्षभरात मुलांचे आवाज फुटले होते, उंची वाढली होती, एकमेकांना ओळखायला क्षणभर वेळ लागत होता. न्यायडोंगरीकडच्या मुली नेहमीसारख्या आपसात अहिराणीत बोलत होत्या आणि ते कानावर पडलं तेव्हा शाळा खरोखर सुरू झाल्यासारखं वाटलं. मग रुग्ण वाढले आणि शाळा पुन्हा बंद झाली. तो दिवस शेवटचा असेल हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही "उद्या भूमितीची वही आण" असं म्हणून घरी गेलो.

ती वही अजून माझ्याकडे आहे. खाकी कव्हर, त्यावर वर्गातल्या दुसऱ्या मुलीचं नाव, आणि आत प्रमेयांच्या मधल्या पानावर पेन्सिलीने रेखाटलेलं आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड. जिची ती वही, तिचं त्याच मे महिन्यात लग्न झालं. घरच्या अंगणात, मोजक्या माणसांत, वय न विचारता. "आता शाळा बंदच आहे, खर्चही वाचतो," असं मोठी माणसं म्हणाली. आमच्यापैकी कुणाला बोलावणं नव्हतं. गुणपत्रिकेत ती आमच्याइतकीच उत्तीर्ण आहे. ती गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. त्या लग्नाविषयी जो राग माझ्या मनात आहे तो मी कमी करणार नाही.

एप्रिल आणि मे. त्या दोन महिन्यांविषयी नांदगावात काय, महाराष्ट्रात कुठेही कुणाला वेगळं सांगायला नको. ऑक्सिजनसाठी नाशिक, मालेगाव, चाळीसगाव अशी धावाधाव. आमच्या वर्गातल्या एकीचे वडील गेले, एकाची आजी गेली, जिने आईबाप फडावर असताना त्याला वाढवलं होतं. माणूस गेल्यावर तोंड पाहता आलं नाही, खांदा देता आला नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. अशा दिवसांत सेंडऑफ झाला नाही म्हणून कोण रडणार? आम्ही गप्प बसलो. दुःखालाही रांग असते आणि आमचं सगळ्यांत मागे आहे, असं आम्ही स्वतःच ठरवून टाकलं.

आज मला वाटतं, तसं ठरवायला नको होतं. मोठ्या दुःखापुढे धाकटं दुःख खोटं ठरत नाही. जिचे वडील गेले तिला वर्गाच्या दारात उभं राहून मैत्रिणींच्या गळ्यात पडायची गरज जास्त होती, कमी नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी बैठक क्रमांक कळले. दरवर्षीची मुलं हॉल तिकीट हातात पडलं की ते नस्तनपूरला शनिमहाराजांच्या पायाशी ठेवून यायची, हे आम्ही पाहिलेलं. ज्या बाकावर आम्ही कधी बसलोच नाही, त्याचा क्रमांक आम्हाला वेबसाइटवर मिळाला. १६ जुलैला निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. संकेतस्थळ बराच वेळ उघडलंच नाही. उघडलं तेव्हा घरात पेढे होते, पण नाक्यावर कुणी "किती पडले?" असं विचारलं नाही. विचारलं ते, "तुम्ही सगळेच पास ना?"

तेव्हापासून आम्हाला नाव पडलं, कोरोना बॅच. अकरावीच्या प्रवेशाला ते ऐकलं, पोलीस भरतीच्या मैदानावर ऐकलं, नोकरीच्या मुलाखतीला समोरच्याने वर्ष वाचून मान हलवली तेव्हाही ऐकलं. फुकटात पास झालेली पोरं. ज्यांनी आम्हाला असं म्हटलं त्यांनी त्या साकोऱ्याच्या मुलाचा अर्धवट सुटलेला पेपर पाहिलेला नाही. त्याने माळावर बसून, रिचार्ज संपेपर्यंत, बीजगणित शिकून घेतलं ते पाहिलेलं नाही. परीक्षा टळावी असं आम्हाला वाटत नव्हतं. आम्हाला ती हवी होती. सकाळी दही-साखर खाऊन निघायचं होतं, केंद्राच्या फाटकापाशी शेवटचा धडा चाळायचा होता, शेवटचा पेपर झाल्यावर शर्टावर सह्या घ्यायच्या होत्या. मेहनत करून ती कुठे मांडायला न मिळणं ही काही सवलत नव्हे.

शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आम्ही एकेकटे गेलो. गर्दी करू नका असा निरोप होता. खिडकीतून कागद मिळाला. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचे कारण: इयत्ता दहावी उत्तीर्ण. शिपाईमामा मैदानाच्या कडेला उभे होते. त्यांनी हात वर केला आणि लांबूनच म्हणाले, "पोरी, पेढे राहिले हं." त्या वर्षी शाळेच्या वतीने कुणी काही बोललं असेल तर तेवढंच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गावातल्या लेंडी आणि शाकांबरी नद्यांना पूर आला. टँकरचं गाव पाण्यात उभं राहिलं. बाजारपेठेत, घरांत, दुकानांत पाणी शिरलं. आमच्यातल्या अनेकांची दप्तरं, वह्या, सहामाहीचे तपासलेले पेपर चिखलात गेले. सकाळी माणसं गाळ उपसत होती, आणि आमच्या बॅचची मुलं कुणीही न बोलावता खराटे आणि घमेली घेऊन एकमेकांच्या घरी पोचली होती. गुडघाभर चिखलात आम्ही सगळे पहिल्यांदा पुन्हा एका जागी आलो. बोलायला सवड नव्हती. पण मला वाटतं, आमच्या वर्गाची शेवटची खरी भेट तीच.

आता कुणी पदवी घेऊन मोकळं झालंय, कुणी अंबडच्या कारखान्यात पाळी करतंय, कुणी पहाटे भरतीसाठी धावतंय, एकजण सैन्यात आहे, दोघे आईबापांमागे फडावर गेले. पंचवीस वर्षं झाली की बॅचचे स्नेहमेळावे होतात, तेव्हा फेटे बांधतात, गुरुजनांना शाल देतात. आपण तितकं थांबायचं नाही. येत्या मे महिन्यात, सगळे गावाकडे असतात तेव्हा, शाळेची परवानगी काढून एक दुपार मागून घ्यायची. पाण्याच्या टाकीचे नळ आपल्याकडे बाकी आहेत, ते बसवायचे. हजेरी घ्यायची ती नववीच्या पटाच्या क्रमाने, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं त्यांच्या शाळेतल्या आडनावाने पुकारायची. ज्यांना सासरहून निघता येणार नाही, त्यांच्याकडे आपण जायचं. चाळीसगाव, येवला, वैजापूर काही लांब नाही. भूमितीची वही मी बरोबर घेते.