मंत्री अजून खुर्चीतच आहे

फ्रेंचचा 'कोंदिस्योनेल', म्हणजे आपल्या व्याकरणातला संकेतार्थ, पाठ्यपुस्तकं 'जर-तर'पासून शिकवतात. मी आधी त्याची घडण फळ्यावर मांडते. भविष्यकाळाचं अंग घ्यायचं आणि त्याला अपूर्ण भूतकाळाचे प्रत्यय लावायचे, इतकंच. 'पार्लरे' म्हणजे मी बोलेन. 'पार्लरॅ' झालं की संकेतार्थ. या दोन स्वरांतला फरक आता कित्येक फ्रेंच माणसंही उच्चारत नाहीत, त्यामुळे लिहिताना त्यांचीही गल्लत होते. अनियमित क्रियापदांची अंगंही भविष्यातलीच : 'एत्र'चं 'सर', 'आव्वार'चं 'ऑर', 'आले'चं 'इर'. नवं असं काहीच पाठ करावं लागत नाही.

या घडणीतच सगळं आहे. हे भूतकाळात उभं राहून पाहिलेलं भविष्य. 'येणार म्हणाला होता' यातलं 'येणार' फ्रेंचमध्ये याच रूपात येतं. म्हणून बरेच भाषाशास्त्रज्ञ आता याला वेगळा अर्थ न मानता स्वार्थातलाच एक काळ मानतात, आणि मला ते पटतं.

'जर'शी मात्र मराठी मुलं हमखास अडखळतात. आपण 'पैसे असते तर घर घेतलं असतं' म्हणतो, 'असतं' दोन्हीकडे. फ्रेंचमध्ये 'सी'नंतर साधा अपूर्ण भूतकाळ, संकेतार्थ फक्त पुढच्या वाक्यात. तिथल्या शाळांत यावर एक कोटी चालते : करवतींना पाकट मासे आवडत नाहीत. 'सी' म्हणजे करवतही, 'रॅ' म्हणजे पाकटही. (हाच 'सी' 'की नाही' या अर्थाने आला, तर मात्र पाकट चालतो.)

दुकानात 'वूद्रॅ' म्हणून कॉफी मागणं मुलांना लगेच जमतं. खरी गंमत वर्तमानपत्रात. बातमीची खात्री नसेल, तर फ्रेंच पत्रकार क्रियापदच संकेतार्थात टाकतो. मंत्र्याने राजीनामा 'ऑरॅ' दिला, म्हणजे दिल्याचं कळतं. आम्ही पाहिलेलं नाही. यात 'जर' कुठेच नसतो. भविष्याचं अंग आणि भूतकाळाचा प्रत्यय यांनी मिळून बोलणाऱ्याला घटनेपासून चार पावलं मागे नेलेलं असतं.

मराठीत हे काम 'म्हणे' करतं, पण वर्गात भाषांतर करताना तेच गळतं. 'मंत्र्याने राजीनामा दिला,' असं कुणीतरी खणखणीत वाचतं. मी थांबवते. मंत्री अजून खुर्चीतच आहे, परत वाच.