खाडे

आपल्या घरांतून बायकांचं डोकं दोनच कारणांनी दुखतं, पित्त आणि जागरण. माझ्यासारखी संगणकावर काम करणारी असेल तर तिसरं कारण स्क्रीन. उपायही ठरलेले. सुंठ उगाळून लाव, नाहीतर आमच्या इंदुरातला खास उपाय, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खा. (जिलबीला माझी कधीच हरकत नव्हती.) मला नऊ वर्षांपासून क्रॉनिक मायग्रेन आहे. म्हणजे अर्धशिशीच, पण अधूनमधून येणारी नव्हे, घरातच मुक्काम ठोकलेली.

डॉक्टरांची व्याख्या आकड्यांची आहे. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले किमान १५ दिवस डोकेदुखी आणि त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार साधारण तिप्पट. एमआरआयमध्ये तो दिसत नाही; दुसरं काही नाही ना, एवढंच त्यातून कळतं. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. आणि बायकांचं सांगणं किती मनावर घेतलं जातं, ते मी काय सांगू? जोआना केम्पनर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली यावर 'नॉट टुनाइट' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. 'आज नको, डोकं दुखतंय' हा जुनाट विनोद त्या नावातच आहे.

तिकडे २००७ पासून रुग्ण आणि डॉक्टर दरवर्षी वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना भेटतात, संशोधनासाठी पैसे मागतात. आपल्याला दिल्ली दूर. आपली सुनावणी स्वयंपाकघरात आणि दवाखान्यात.

फाल्गुन नुकता लागला होता, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंबरोबर मी न्यूरोलॉजिस्टकडे गेले. "महिन्यातून किती दिवस दुखतं?" असं डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. काकू म्हणाल्या, "असेल चार-पाच दिवस." हे चार-पाच दिवस कोणते, ते मला माहीत होतं. खोलीत अंधार करून काकू पडलेल्या आणि काकांसाठी डबा आमच्याकडून गेलेला, ते. डोक्याला फडकं घट्ट बांधून ज्या दिवशी पोळ्या लाटल्या, ते दिवस त्यांच्या हिशेबातच नव्हते. काम झालं ना, मग दुखलं कुठे!

मी मराठीत विचारलं, "काकू, डोकं अगदी मोकळं, हलकं, असे दिवस किती?"

काकू बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "संक्रांतीला होतं बाई मोकळं."

मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची काकूंकडे वळवली. पुढचा प्रश्न गोळ्यांचा निघाला. काही मिश्र वेदनाशामकं महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, अशी महिनोन् महिने घेतली की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. काकूंच्या पर्समध्ये त्याच गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या.

'मोकळे दिवस किती' हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या डॉक्टरीणबाईंचा. मी तो फक्त पुढे देत असते. मंडळाच्या हळदीकुंकवाला दिला, तेव्हा सहाजणी निघाल्या. एक शिक्षिका आहे, तिला शाळेची घंटा सोसत नाही. आता कुणालाही दवाखान्यात जायचं असलं की दुसरी बरोबर जाते, कारण दुखत असताना नेमकं बोलणं फार कठीण. ऑफिसात मी लेखी दोन गोष्टी मागितल्या. टेबलावरची ट्यूबलाइट बंद आणि झटका आला तर मीटिंग दुसऱ्या दिवशी. ट्यूबलाइट बंद झाली. मीटिंगचा विचार चालू आहे म्हणे.

ॲप वगैरे मी मुद्दाम सुचवलं नाही. कालनिर्णय सगळ्यांच्या भिंतीवर आहेच. दुखत असताना काम केलं तर काळं टिंब, आडवं पडावं लागलं तर लाल, गोळी घेतली तर खाली रेघ. मोकळा दिवस कोरा.

मार्चअखेर काका दुधाचा हिशेब करायला कॅलेंडरपुढे उभे राहिले. चष्मा वर सरकवून त्यांनी टिंबं मोजली. "अगं, २४ खाडे? दूधवाला महिनाभर फिरकलाच नाही की काय?"

"दूध रोज आलंय," काकू आतून म्हणाल्या. "ते माझं डोकं आहे."