योजनेच्या टेबलावरून

बारावीचा निकाल लागला की संगमनेरमध्ये ओळखीचा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "मेडिकलला नंबर लागला का?" माझा लागला नाही. मी बी.एस्सी. केलं आणि शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या योजना विभागात नोकरी धरली. "म्हणजे कागदच रंगवायचे ना?" असं मावशी हळहळून म्हणाली होती. त्या कागदांवर काय अवलंबून असतं, हे मी तेव्हापासून रोज पाहते आहे.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते, आता ही मर्यादा पाच लाख आहे. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी असलेली ही योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे.

आमच्याकडे संगमनेरच्या पठार भागातून, अकोले तालुक्यातल्या डोंगराळ गावांतून पेशंट येतात. एकदा राजूरकडचे एक बाबा हार्ट अटॅकने आले. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि आधार. दोन्हींवरच्या आडनावात एका अक्षराचा फरक. "ताई, शेळ्या विकून पैसे आणू का?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"आधी इथे बस. काही विकू नकोस," मी म्हटलं.

तातडीच्या पेशंटसाठी फोनवर मंजुरी घेता येते, कागद मागून जोडता येतात. योजनेच्या आरोग्यमित्राने नोंदणी केली, फोन लागला, डॉक्टरांनी बाबांना कॅथलॅबमध्ये घेतलं. नाव दुरुस्तीसाठी तहसीलमध्ये काय न्यायचं आणि तिथून काय आणायचं, ते मी मुलाला चिठ्ठीवर लिहून दिलं. अँजिओप्लास्टी झाल्यावर स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर काढून फाईलला लावलं. तेवढं राहिलं तरी क्लेम अडकतो. तरीही योजनेकडून क्वेरी आलीच: ईसीजी नीट दिसत नाही. मूळ कागद शोधून पुन्हा स्कॅन केला, डॉक्टरांची सही आणि वेळ तपासली, फाईल परत चढवली. डिस्चार्जच्या दिवशी बाबांना परतीचं एसटीभाडं दिलं आणि पावतीवर त्यांचा अंगठा घेतला. मुलाच्या शेळ्या गोठ्यातच राहिल्या.

बाबांचा जीव डॉक्टरांनी वाचवला. पण त्या घरावर कर्ज चढलं नाही, ते आमच्या टेबलामुळे. म्हणून या कामाला मी आरोग्यसेवाच म्हणते.

आणि अशी टेबलं पुष्कळ आहेत. मेडिकल रेकॉर्ड विभागात केसपेपर जपले जातात आणि आजारांना आंतरराष्ट्रीय कोड दिले जातात. रुग्णालयाच्या गुणवत्तेचं एनएबीएच मानांकन हवं असेल, तर जंतुसंसर्गापासून औषधांच्या नोंदींपर्यंत सगळं तपासणारी क्वालिटीची माणसं लागतात. व्हेंटिलेटर आणि मॉनिटर चालू राहतात ते बायोमेडिकल इंजिनिअरमुळे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्या गरजूपर्यंत पोचवण्याचं काम वैद्यकीय समाजसेवक करतात आणि त्यासाठी समाजकार्यातली एमएसडब्ल्यू ही पदवी उपयोगी पडते. व्यवस्थापनाकडे जायचं असेल, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत हॉस्पिटल प्रशासनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे.

या वाटांवर सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही सांगायला हवं. जबाबदारी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण असते. कॉम्प्युटर सफाईने यायला हवा, वैद्यकीय शब्द समजायला हवेत आणि घाबरलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलता यायला हवं. शेवटची गोष्ट कुठल्याच कोर्समध्ये पुरती शिकवत नाहीत. खेड्यातून आलेल्या मुलामुलींकडे ती आधीच असते.

ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: जाहिरात पाहून कुठल्याही कोर्सची फी भरू नका. आधी जवळच्या हॉस्पिटलात जा, परवानगी घेऊन अशा विभागात दोन-चार दिवस बसा, तिथल्या माणसांना विचारा. मग ठरवा. आरोग्यसेवेला तुमची गरज आहे.