घर पाहावे गुडघ्यांना विचारून

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. परदेशी गेलेल्या मुलांच्या वाट्याला मात्र घर बांधणे क्वचितच येते. त्यांतल्या काहींना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जुन्या, देखण्या घरांची ओढ लागते. वाचकहो, आपल्यापैकी अनेक जण अशा घरी चार-सहा महिने मुक्कामाला जातात. म्हणून ते निवडताना आणि तिथे रुळताना प्रकृतीच्या दृष्टीने काय पाहावे, हे स्वानुभवातून सांगते.

माझी मुलगी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात राहते. तेथील मार्चमाँट हा भाग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दगडी, चार मजली इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. उंच छत, छताच्या कडेने फिरणारे नक्षीकाम, रस्त्याच्या बाजूला पुढे आलेली भव्य खिडकी, तिला आतून लाकडी झडपा आणि स्वयंपाकघरात कपडे वाळवण्यासाठी दोरीने वर-खाली होणाऱ्या दांड्या. असे घर हे तिचे फार दिवसांचे स्वप्न होते. ऑक्टोबरच्या अखेरीस मी ७९ वर्षांच्या सासूबाईंना घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा तिचा घरशोध चालू होता. मी तीन आठवड्यांनी परतणार होते. सासूबाई पुढे काही महिने नातीजवळ राहणार होत्या.

तिला मनापासून आवडलेले घर तिसऱ्या मजल्यावर होते. खिडकीतून ‘आर्थर्स सीट’ ही टेकडी दिसत होती. अशा इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. जिना सर्वांचा मिळून एक, दगडी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या आणि कठडा एकाच बाजूला. गुडघ्यांचा जुना संधिवात असूनही सासूबाई एकेक पायरी चढत वर पोचल्या आणि घर पाहून हरखल्या. नात दुसऱ्या खोलीत गेल्यावर मात्र मला हळूच म्हणाल्या, “घर देखणं आहे गं. पण एकदा वर आले की मी काही रोज उतरायची नाही. खिडकीशी बसून राहीन झालं.”

त्यांच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मला हे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटले. उतारवयात बाहेर पडणे थांबले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल बिघडतो, पडण्याची भीती वाटू लागते आणि त्या भीतीपोटी हालचाल आणखी कमी होते. शिवाय नात दिवसभर कामावर आणि भोवतालची भाषा परकी. माझ्या दवाखान्यात हे दुष्टचक्र मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

मुलीला हे सांगणे सोपे नव्हते. भाडे ती भरणार होती आणि आजी पाहुणी होती. दोन दिवस ती गप्पच होती. मग तिनेच जवळच्या गल्लीत त्याच काळातील तळमजल्यावरचे, रस्त्याकडून स्वतंत्र दार असलेले घर शोधले. दारापुढे तीनच पायऱ्या होत्या. नक्षी तीच, छत तेवढेच उंच. टेकडी मात्र दिसत नव्हती. ती हुरहुर तिच्या बोलण्यात अजूनही येते, आणि मी ती नाकारत नाही.

तळमजल्याचेही दोष असतात. जमीन गार, उजेड कमी आणि ओल अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार थंडीत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे. वृद्धांसाठी त्याहून थोडे अधिक बरे. म्हणून आम्ही खोलीत तापमापक टांगला, जाड पडदे लावले आणि सायंकाळी झडपा मिटण्याचा नेम केला. कपडे घरातच वाळतात, तेव्हा खिडकी थोडा वेळ उघडली नाही तर भिंतीवर बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. न्हाणीघरातील टबाची कड उंच असते. मालकाच्या परवानगीने तेथे आधाराची दांडी बसवून घेतली व न घसरणारी चटई अंथरली. ब्रिटनमध्ये १९७० पूर्वीच्या घरांत शिशाचे नळ असू शकतात, हे मालकाला आवर्जून विचारावे. गॅसवर चालणारा बॉयलर असल्यास कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर आहे ना, हेही पाहावे.

डिसेंबरमध्ये तेथे दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार सर्वांनी करावा, असा ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे. आपण हे जीवनसत्त्व आधीच घेत असाल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सासूबाई रोज अकराच्या सुमारास लोकरीची टोपी घालून, काठी घेऊन जवळच्या ‘मेडोज’ उद्यानात एकट्या जात आणि बाकावर बसून परतत. रस्त्यावर बर्फ धरलेल्या दिवशी तेवढे जाणे नसे. फोनवर त्या मला तापमान सांगत नसत. आज कोणत्या कुत्र्याने शेपूट हलवली, ते सांगत.

आपली मुले घर शोधत असतील तर त्यांच्या स्वप्नावर टीका करू नका. फक्त आपला मुक्काम किती आणि आपल्याला किती पायऱ्या झेपतात, हे करारावर सही होण्यापूर्वी मोकळेपणाने सांगा. आणि मुलांनो, घर पाहायला जाताना शक्य असेल तर आजी-आजोबांना सोबत न्या. ते जिना कसा चढतात, त्याहून ते कसा उतरतात, हे नीट पाहा.